कवटी, वंश आणि बुद्धी

सुरतेनजीकचे सचिन हे १७९१ साली स्थापन झालेले सिद्दी नवाबांचे संस्थान. आफ्रिकेतून आलेल्या वंशाने येथे १९४८ पर्यंत राज्य चालविले. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील काही पंडित माणसाची बुद्धी त्याच्या वंशावरून ठरवू पाहत होते. हे मत पारखण्याचा प्रसंग एका महाराष्ट्रीय विदुषीवर आला.

ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्यापाशी समाजशास्त्र अभ्यासिले. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी बाजू मोठी असते, म्हणून त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ, असे त्यांचे मार्गदर्शक फिशर यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी काहीच संबंध आढळेना. गुरूच्या मताविरुद्ध लिहावे, तर पदवीच पणास लागे. त्यांनी आढळले तेच लिहिले, आणि तरीही त्या डॉक्टर झाल्या.

१९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करू लागल्या. तेथे डॉ. हसमुख सांकलिया पुरातत्त्व शिकवीत. गुजरातचे पुरातत्त्व हाच त्यांच्या लंडन येथील प्रबंधाचा विषय होता. उत्तर गुजरातेत लांघणज येथे प्राचीन मानवी सांगाडे निघाले, तेव्हा या दोन विद्या एकत्र आल्या. दोघांचा संयुक्त निबंध १९४९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

प्राध्यापकाच्या नावापुढील पदवी केवळ त्याचे अध्ययन सांगते. त्याची सत्यनिष्ठा मात्र त्या पदवीमागील प्रबंधातच शोधावी लागते.