जाड अक्षर, सारखी खोली

आजचा एपिसोड फॉन्टवर आहे. थांबा, बंद करू नका, छोटासाच आहे.

दोन वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता मी ऑन-कॉल होतो. परळचं घर, बाबा झोपलेले म्हणून दिवा बंद, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी. कॉन्फिग फाइलमध्ये एक की टाइप करायची होती. त्यात शून्य होतं, मी इंग्रजी ओ टाकला. पाऊण तास सर्व्हिस बंद! चूक माझीच. पण स्क्रीनवर ते दोघं जुळे भाऊ दिसत होते, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी फॉन्ट बदलला. जेटब्रेन्स मोनो, बोल्ड. मोनोस्पेस म्हणजे आपली चाळ. आय असो की डब्ल्यू, खोली सगळ्यांना सारखीच. सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना नख्या नाहीत. तरी लहान एल आणि आयला मुद्दाम आडव्या रेघा देतात. मोकळी जागा भरते आणि एक आकड्याशी गल्लत होत नाही. शून्याच्या पोटातही खूण असते.

बोल्ड कधी वापरायचा? मंद उजेडात, प्रोजेक्टरवर, डोळे थकल्यावर. पण लहान साइजला अक्षरांची पोटं बुजतात. आणि काळ्यावर पांढरं अक्षर मुळातच जाड भासतं. म्हणून मी दिवसा रेग्युलर ठेवतो.

बाबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "अरे, हे तर आमच्या मशीनसारखं!" बाबा टायपिस्ट. दादरच्या क्लासमध्ये मराठी ३० आणि ४० शब्द प्रति मिनिट पास झालेले. लालबागला १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरू झालेल्या गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. बाबा तसल्याच मशीनवर शिकले. प्रत्येक अक्षराला गाडी एकच घर सरकते, उकार-मात्रेला जागीच थांबते. त्यामुळे रकाना सरळ.

मी हसलो होतो. मग चाळीच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, स्क्रिप्ट लिहितो, पाच मिनिटांत होईल. सगळे रकाने वाकडे! नुसतं 'गिरगाव' घ्या. डोळ्यांना चार अक्षरं, पण प्रोग्रामला लांबी विचारली तर सहा, कारण युनिकोडमध्ये वेलांटी आणि काना वेगळे मोजले जातात. 'परळ' मात्र तीनच. स्पेस भरून मराठी रकाने जुळवायला गेलात की फसलात. त्यात कोडिंगच्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसतेच, सिस्टिम दुसरीकडून उसनी आणते.

शेवटी स्पेसचा नाद सोडला, सरळ टेबल केलं. फॉन्ट घेतला मुक्ता, आपल्या मुंबईच्या एक टाइपचा, मोफत आहे. मोनोस्पेस नाही, पण बोल्डमध्येही शिरोरेघ आणि अनुस्वार वेगळे दिसतात. साइज १६. बाबांना मोतीबिंदू आहे, त्यांनी बोट फिरवत अख्खी यादी वाचली आणि दोन नावांतली चूक काढली. एक चूक आमच्याच आडनावात होती. ती तशीच पुढे गेली असती तर?

तर आजचा गृहपाठ: एडिटरमध्ये शून्य, मोठा ओ, एक, लहान एल आणि मोठा आय शेजारी-शेजारी टाइप करा. दिवा बंद करून बघा. ओळखू आले नाहीत, तर फॉन्ट आजच बदला. भेटू पुढच्या भागात!