परत गेलेल्या मुलांची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून महिन्यात तळोद्याच्या एस.टी. स्टँडवर गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. पत्र्याच्या पेट्या, त्यांवर रंगानं लिहिलेली नावं आणि पेटीवर गप्प बसलेली मुलं. सुट्टी संपलेली असते आणि आश्रमशाळेकडे जाणारी गाडी यायची असते. वडील बिस्किटाचा पुडा आणायला गेलेले असतात. भाऊ एका शाळेत, बहीण दुसऱ्या शाळेत. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण अगदी चिकटून बसलेली असतात.

हे दृश्य पाहिलं की मला एक इंग्रजी पुस्तक आठवतं. सी. एस. लुईस यांचं 'प्रिन्स कॅस्पियन'. १९५१ साली प्रसिद्ध झालेलं. नार्निया नावाच्या जादूच्या देशावर लुईसनी सात पुस्तकं लिहिली, त्यांतलं प्रसिद्धीच्या क्रमानं हे दुसरं. पुस्तकाची सुरुवात अशाच एका स्टेशनावर होते. पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी ही चार भावंडं ट्रंका घेऊन बाकावर बसली आहेत. मुलींची शाळा वेगळी, मुलांची वेगळी. एवढ्यात कुणी तरी ओढल्यासारखं त्यांना वाटतं, ती एकमेकांचे हात धरतात आणि स्टेशन नाहीसं होतं.

लुईस स्वतः या बाकावर बसलेले होते, असं म्हटलं तर चूक होणार नाही. त्यांचा जन्म बेलफास्टचा, १८९८ सालचा. १९०८ च्या ऑगस्टमध्ये आई वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. महिनाभरातच त्यांना समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या निवासी शाळेत पाठवण्यात आलं. पुढे १९३९ साली महायुद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं लंडनची मुलं गावोगाव पाठवली गेली, त्यांतली काही लुईस यांच्या ऑक्सफर्डच्या घरी राहून गेली. घरापासून तुटलेलं मूल कसं दिसतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

मी शिक्षक. पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला हे पुस्तक मिळालं. तळोदा तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकवत होतो, तिथली बरीच मुलं सरदार सरोवराच्या विस्थापित कुटुंबांतली. श्रोत्यांपैकी तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला १९७९ साली. या धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली तेहतीस गावं जाणार होती. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि १ जुलै १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यातली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. परिक्रमावासींना ठाऊक असलेलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, नवं गोऱ्याला बांधलं. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. दूर कच्छपर्यंत पाणी गेलं, हेही खरं. आणि डोंगरातली माणसं सोमावल, रेवानगर, रोझवा, नर्मदानगर अशा सपाटीवरच्या वसाहतींत आली, हेही खरं.

तर शनिवारच्या शेवटच्या तासाला मी ही गोष्ट माझ्या मराठीत सांगू लागलो. मुलांच्या घरची बोली पावरी, त्यामुळे अडलं की मुलंच एकमेकांना समजावून सांगायची.

गोष्टीतली मुलं दाट झाडीत येऊन पडतात. हिंडता हिंडता त्यांना कळतं की आपण एका बेटावर आहोत. मग सफरचंदांची जुनी झाडं दिसतात, एक पडका वाडा, एक विहीर. कुणाचं असेल हे? एवढ्यात सुझनला विहिरीजवळ एक वस्तू सापडते. बुद्धिबळातला सोन्याचा घोडा. तो घोडा ओळखीचा असतो! पूर्वी याच देशात ही चौघं राजेराण्या होती आणि त्यांच्या राजवाड्यात याच सोंगट्यांनी खेळत असत. आपण आपल्याच पडक्या घरात उभे आहोत, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं. इंग्लंडमध्ये एकच वर्ष झालेलं, नार्नियात मात्र शेकडो वर्षं लोटलेली. तेव्हा राजवाड्यापर्यंत जमीन होती, आता मधे पाणी आलंय आणि त्याचं बेट झालंय.

इथं वर्गात एकदम शांतता पसरली. जलाशय भरल्यावर काही पाड्यांचे टापू झाले, हे या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांचे काका-मामा तिथं राहतात.

सहावीतली एक मुलगी उठली. तिचा भाऊ आठवीत, तोही त्या दिवशी खिडकीशी येऊन बसला होता. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे पण घोडा आहे." मुलं हसली. सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात जात्याची वरची तळी ठेवलेली होती. नुसती वरची. खालची तळी गावी राहिली. घर सोडायच्या दिवशी ट्रकमध्ये जागा नव्हती, म्हणून आजीनं एकच उचलून आणली. अर्ध्या जात्यावर दळता येत नाही. पण आजीनं ते टाकलं नाही.

मग मला समजलं की आजी रोज रात्री या नातवंडांना गाव सांगत असे. कुठल्या मोहाखाली कोण बसे, नदीवर जायची वाट कुठून होती, मासे कुठं लागत, दोन पाठी असलेला डोंगर घराच्या कुठल्या अंगाला. दोन्ही मुलांचा जन्म वसाहतीतला. त्यांनी ते गाव कधीच पाहिलेलं नव्हतं.

पुस्तकातला राजपुत्र कॅस्पियन असाच आहे. त्याचा काका मिराझ यानं राज्य बळकावलंय. जुना नार्निया, बोलणारे प्राणी, जागी झाडं, असं काही कधी नव्हतंच, असा राजाचा हुकूम. पण कॅस्पियनची दाई त्याला त्या जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगते. राजाला कळतं तेव्हा दाईला हाकलून देतात. पुढे त्याचे गुरुजी, डॉक्टर कॉर्नेलियस, रात्री मनोऱ्यावर नेऊन त्याला सांगतात, की दाई खरं बोलत होती. पुस्तकात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक, जी तिथं राहिली आणि परत आल्यावर घर ओळखू शकली नाहीत. दुसरी, ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत, पण ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला.

२०२२ च्या मे महिन्यात ते कुटुंब नातलगाच्या लग्नाला धडगावकडे निघालं. आजीनं मलाही बोलावलं. लग्न आटोपल्यावर आम्ही भुषाला गेलो आणि बोट केली. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं. डोंगरांच्या कडेला पाण्याच्या खुणेचा उघडाबोडका पट्टा दिसत होता आणि मधूनच वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर डोकावत होते.

बोटवाल्यानं एका वळणाकडे बोट दाखवलं. म्हणाला, तुमचं गाव त्या तिथं, पुढं. मुलगी म्हणाली, "नाही. इथंच. दोन पाठीचा डोंगर मागं राहिला." भाऊ तिच्यावर खेकसला. बोटवाला रोजचा जाणारा, त्याला जास्त कळतं. मीही म्हणालो, "बाळा, तू गाव पाहिलं नाहीस ना. आजीच्या गोष्टीत आणि प्रत्यक्षात फरक पडतो." आजी काहीच बोलत नव्हती, पाण्याकडे बघत होती. आम्ही तिघं एका बाजूला, ती एकटी एका बाजूला. बोट पुढं गेली.

आता तुम्हाला पुस्तकातला प्रसंग सांगायला हवा. वाट चुकलेल्या भावंडांपैकी धाकट्या ल्यूसीला दरीच्या अलीकडेच, वरच्या बाजूला सिंह दिसतो. अस्लन. इतर कुणालाच दिसत नाही. मतं घेतली जातात. एडमंड तेवढा तिच्या बाजूनं उभा राहतो. थोरला पीटर विरुद्ध मत देतो आणि सगळे चुकीच्या वाटेनं जातात. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगितली होती. मुलांनी पीटरला नावं ठेवली होती, मीही ठेवली होती. आणि बोटीत बसलेला पीटर मीच होतो, हे मला त्या वेळी कळलं नाही.

वळणाच्या पुढं काहीच ओळखीचं नव्हतं. परतताना आजीनं हात वर केला. बोट थांबवायला सांगितली. ती पाण्याकडे बघत नव्हती, आता वर डोंगराकडे बघत होती. पाण्याच्या पातळीवरून डोंगर बुटका दिसत होता, त्याचा पायथाच बुडालेला. तिनं हातानं माथ्याच्या दोन पाठी मोजल्या. मग शेंडे वाळलेल्या झाडांच्या एका रांगेकडे दाखवून ती पावरीत बोलली. मुलीनं मला सांगितलं, "आजी म्हणते, ही मोहाची झाडं. घर इथं."

जागा तीच होती, जी मुलीनं आधी दाखवली होती.

जातं दिसलं का, असं मला लोक विचारतात. कसं दिसणार? तिथं पाणी होतं आणि पाण्याखाली गाळ. काठावर गाळाला उन्हानं भेगा पडल्या होत्या. आजीनं ओंजळभर पाणी घेतलं, परत सोडलं आणि पुन्हा बसली.

पीटर पुढे अस्लनची माफी मागतो. मी भुषाच्या काठावर उतरल्यावर त्या मुलीला म्हणालो, "माझं चुकलं. तू बरोबर होतीस." ती लाजली. भाऊ म्हणाला, "सर, माझं पण चुकलं असं तिला सांगा." मी म्हटलं, ते तुझं तू सांग. त्यानं सांगितलं नाही, पण गाडीत खिडकीची जागा तिला दिली.

गोष्टीच्या शेवटी अस्लन पीटर आणि सुझनला सांगतो की तुम्ही आता मोठे झालात, नार्नियात परत येणार नाही. एडमंड आणि ल्यूसी येतील. लहानपणी वाचणाऱ्याला हा भाग आवडत नाही. मलाही क्रूर वाटायचा. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आजी सहज म्हणाली, "मी आता पुन्हा येणार नाही. यांना जागा कळली. यांनी यावं." आवाजात रडं नव्हतं. सामान कुणाच्या तरी हाती नीट सोपवल्यावर माणूस बोलतो, तसं ती बोलली.

जमिनीच्या बदल्यात जमीन देता येते, निदान कागदावर तरी. लवादानं ती देववली होती. पण दोन पाठीचा डोंगर कुठल्या बाजूला होता, ही गोष्ट सातबाऱ्यावर चढत नाही. ती आजीकडून नातीकडेच जाते, तीही रात्री, दिवा मालवल्यावर.

माझी श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात गाव सोडून आलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, धरणामुळे, दुष्काळामुळे, नाही तर नोकरीमुळे, तर मुलांना त्याच्यापाशी बसवा. आणि एखादं मूल उद्या म्हणालं, की वाट इथून होती, तर लगेच मत देऊ नका. आधी डोंगराकडे बघा.

ते अर्धं जातं अजून त्या अंगणात आहे. मुलगी आता पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला असते. सुट्टीत आली की ते धुऊन उन्हात ठेवते.