पहिली सफारी उंद्रीहूनच



आपल्या भागातली, पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली मुलं आता आफ्रिकेच्या सफारीचे बेत आखू लागली आहेत. तिथे शिकारही करता येते म्हणे, असंही काहीजण विचारतात. ते खरं आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया या देशांत परवाना काढून आणि भरपूर पैसे मोजून शिकार करता येते. केनियाने मात्र १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे. मला विचाराल तर बंदुकीचा विचार सोडाच. दुर्बीण घ्या, आणि पहिली सफारी आफ्रिकेत करू नका. ती बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या उंद्रीहून, ज्ञानगंगेत करा.

बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेलं आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बोथ्याच्या जंगलातून एसटीने आपण सगळेच गेलो आहोत, पण खिडकीतून जे दिसतं ते जंगल नव्हे. आत बिबट्या आहे, तडस आहे, भेकर आहे, रोही तर आहेतच. रोह्यांनी रातोरात हरभऱ्याचं शेत तुडवलं असेल, तर त्या शेतकऱ्याला जंगलाचं कौतुक ऐकवत नाही, हे मी जाणतो. तरीही म्हणतो, एकदा त्यांना त्यांच्या घरी जाऊन बघा.

वाघ दिसेल का, हा पहिला प्रश्न असतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण नर वाघ नाल्या-शेतांतून, हमरस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन परत फिरत ज्ञानगंगेत पोहोचला. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर! गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळलं. आपल्या अंगणात घडलेली ही गोष्ट जगभर गाजली. पण वाघाच्या आशेने ज्ञानगंगेत जाऊ नका. इथला खरा मालक अस्वल आहे.

अस्वलाचा माग एकदा ओळखायला शिका. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं दिसतं. पुढच्या पावलात मात्र बोटांच्या बरंच पुढे मातीत नखांचे ठसे उमटलेले असतात. वारूळ उकरून तोंड आत घातलं की ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतूनच ही ओढ चालते. शांत रात्री तो आवाज बराच लांबून ऐकू येतो. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. हे दृश्य बघायला लोक परदेशातून येतात.

पण अस्वलाशी सलगी नको. आपल्या जिल्ह्यात अस्वलाच्या हल्ल्यात माणसं जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. बहुतेक वेळा माणूस आणि अस्वल अचानक समोरासमोर येतात आणि घाबरलेलं जनावर अंगावर जातं. म्हणून पहाटे आणि दिवस मावळताना नाल्याच्या काठाने, झुडपांतून एकट्याने जाऊ नका. शेतावर जाणाऱ्यांनी आपसांत बोलत, काठी आपटत जावं. सफारीत मात्र याच्या उलट: वाटाड्याबरोबरच जायचं, गाडीतून उतरायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिल्या खेपेला उन्हाळा निवडा. पानगळ झालेली असते, लांबवर दिसतं, आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं. माझी खास शिफारस बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची. त्या रात्री वनविभाग निसर्गप्रेमींना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो. वाघांची मोजणी आता कॅमेऱ्यांनी होते, पण माणसाला जंगल शिकवायला मचाणासारखी शाळा नाही. मातकट किंवा हिरवे कपडे घाला, अत्तर लावू नका, कोरडा खाऊ आणि भरपूर पाणी घ्या, मोबाइल बंद ठेवा, आणि सकाळपर्यंत खाली उतरू नका. कोणतं जनावर किती वाजता आलं, नर की मादी, सोबत पिल्लू होतं का, हे वहीत लिहा. रोही पाण्यावर थेट येत नाही. काठावर थबकतो, कान फिरवतो, एक पाय आपटतो, मागे सरतो, आणि मग पुन्हा येतो. हे तुम्ही तासभर न हलता बघू शकलात तर तुम्ही आफ्रिकेला जायला तयार आहात.

आता आफ्रिकेबद्दल थोडं. केनियातल्या मसाई माराला जायचं तर जुलै ते ऑक्टोबर हा काळ धरा. तेव्हा विल्डबीस्टचे लाखोंचे कळप टांझानियातून तिकडे सरकतात. जायच्या निदान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस टोचून घ्या. ती साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र जवळ नसेल तर विमानतळावरच अडवून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आतल्या छोट्या विमानांत साधारण पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस घेत नाहीत. आणि एजंटाने शिकारीचं आमिष दाखवलं तर दुसरा एजंट शोधा.

ज्ञानगंगेसाठी यातलं काही लागत नाही. ओळखपत्र लागतं, आणि प्रवेश व वेळा कधीकधी बदलतात म्हणून आधी विचारून जावं. मचाणाच्या जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. तेव्हा यंदा बसायचं ठरवलं असेल तर बुद्धपौर्णिमेची वाट बघू नका, चैत्रातच अभयारण्याच्या वन कार्यालयात चौकशी करा, आणि घरातल्या शाळकरी मुलांनाही आधी एकदा दिवसाच्या सफारीला घेऊन जा.