पुसतां येणारी पाटी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयीं मागील पिढ्यांचें स्मरण करतांना पुढील पिढीचा विचार करणें आपलें कर्तव्य आहे. म्हणून वर्गांतील शिस्त आणि मोबाईल या विषयावर दोन शब्द बोलण्याची मी अनुज्ञा घेतों.

मुलांच्या वर्तनाची नोंद ठेवणारीं अ‍ॅप्स आतां निघालीं आहेत. त्यांपैकीं क्लासडोजो हें २०११ सालीं अमेरिकेंत निघालें. मुलानें दुसऱ्यास मदत केली कीं शिक्षक मोबाईलला बोट लावून एक गुण देतो. गडबड केली कीं एक गुण कापतो. आणि तें पालकांस आपल्या मोबाईलवर दिसतें. यांत कांहींच चांगलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं. शेतांत राबणाऱ्या आईस मुलाची शाबासकी त्याच दिवशीं कळावी, ही थोडी गोष्ट नव्हे. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें छडीस मनाई केली. मग शिस्तीस दुसरें साधन हवेंच.

परंतु आपल्या जुन्नर-आंबेगांवचेंच पाहा. उसाच्या शेतांतून शाळेची वाट जाते. बिबट्याच्या भयानें आई नीट उजाडल्यावांचून लेकराला बाहेर सोडीत नाहीं. भीमाशंकराकडील डोंगरवस्तीचें मूल पावसाळ्यांत ओढा ओसरण्याची वाट पाहतें. ऊसतोडणी मजुराचें मूल पहांटेपासून धाकट्या भावंडास सांभाळून वर्गांत डुलक्या घेतें. अ‍ॅप ‘उशीर’ लिहील, ‘लक्ष नाहीं’ लिहील. कारण लिहिणार नाहीं. तें विचारणें शिक्षकाचें काम. आणि ती नोंद वाचून बापानें रात्रीं मुलाच्या पाठींत धपाटा घातला, तर शाळेंतून गेलेली छडी घरीं आली, एवढेंच झालें.

संत जॉन बॉस्को यांनीं १८७७ सालीं आपल्या शिक्षणपद्धतीचें विवेचन केलें. विवेक, धर्म आणि प्रेम हे तिचे तीन आधार. आणि क्वचित् प्रसंग सोडल्यास मुलास समज द्यावी ती एकांतांत, चारचौघांत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. मग कोणाचे गुण किती कापले हें सर्व वर्गासमोर झळकविणें त्यांस कसें रुचलें असतें?

दुसरी गोष्ट पुसण्याची. आपले पूर्वज धुळाक्षरें गिरवीत. पुढें दगडी पाटी आली. चूक पुसली जाई आणि मूल नव्यानें आरंभ करी. मोबाईलमधील नोंद तशी संध्याकाळीं पुसली जात नाहीं. लोकांनीं चिंता व्यक्त केल्यावर क्लासडोजोच्या चालकांनींही २०१४ सालीं अशी नोंद एका शालेय वर्षापलीकडे न ठेवण्याचें जाहीर केलें. पण मुलाच्या आयुष्यांत वर्ष म्हणजे केवढा काळ!

म्हणून माझी विनंति अशी: शाबासकी सर्वांदेखत द्या, समज एकांतांत द्या. गुण कापण्यापूर्वीं कारण विचारा. शनिवारीं शाळा सुटतांना आठवड्याचे उणे गुण पुसून टाका. आणि पालकांनीं मोबाईल पाहिल्यावर प्रथम मुलाचें ऐकून घ्यावें, मग बोलावें.

प्रभु येशूनें स्वतः लिहिल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत एकाच प्रसंगीं येतो. लोक एका स्त्रीचा अपराध चारचौघांत मांडीत होते, आणि प्रभु खालीं वांकून बोटानें जमिनीवर लिहीत होता. तीं अक्षरें धुळींत मिसळलीं. तिला मिळालेली क्षमा मात्र राहिली. मोबाईलवर टेंकणाऱ्या आपल्या बोटांसही ती शिकवण लाभो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.