धार दिसते, विष दिसत नाही



आज आपण हातभट्टीविषयी बोलू. दारू वाईट, हे तुम्ही शंभरदा ऐकले आहे. ते सांगायला आम्ही आलो नाही. भट्टीत होतं काय आणि माणूस मरतो कशानं, एवढंच आज पाहू.

आधी रसायन. काळा गूळ किंवा मोहाची फुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत ते आंबते. बुडबुडे येतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्यातली गोडी खातात आणि तिचे अल्कोहोल करतात. अल्कोहोल म्हणजेच दारूतली नशा.

मग भट्टी. रसायनाच्या पिंपाखाली जाळ लावतात. पाणी १०० अंशांवर उकळते. अल्कोहोल ७८ अंशांवरच उकळते. म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येते. ती वाफ नळीतून नेऊन गार केली, की धार लागते. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटते ना? तीच युक्ती.

‘पहिल्या धारेची’ म्हणून लोक फुशारकी मारतात. ती कडक असते, हे खरे. पण लवकर उडणारी वाईट द्रव्येही पहिल्या धारेतच जास्त येतात.

आता विष येतं कुठून? दोन वाटांनी.

पहिली वाट भांड्याची. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिथे डोंगराळ भागात लोक मक्याची दारू चोरून गाळत. वाफ गार करायला कोणी मोटारीचा जुना रेडिएटर लावी. त्याला शिशाचा डाख असे. ते शिसे दारूत उतरे आणि पिणाऱ्याच्या अंगात भिनत जाई.

दुसरी वाट याहून भयंकर. तिचे नाव मिथेनॉल. गूळ आंबवून ते फारसे निघत नाही. ते कारखान्यात रंग, रसायने करायला लागते. विकणारा चार पैशांच्या लोभाने तेच दारूत मिसळतो. २०१५ साली जून महिन्यात मुंबईत मालवणीला अशी दारू पिऊन शंभरावर माणसे मेली.

कोणी म्हणेल, “आम्ही काडी लावून बघतो. निळी ज्योत आली की माल चोख.” मंडळी, ज्योत विष सांगत नाही. वास सांगत नाही, चवही सांगत नाही. काल प्यालो, काही झालं नाही, हाही पुरावा नव्हे. कालचा डबा वेगळा, आजचा वेगळा.

मिथेनॉल प्यालेला माणूस आधी नुसता झिंगलेला दिसतो. बरेचदा अर्धा दिवस, एक दिवस जातो. मग डोके दुखते, उलट्या होतात, पोटात कळ येते, धाप लागते. डोळ्यांपुढे धुके येते. मिथेनॉलपासून शरीरात आम्ल तयार होते. ते नजरेची नस जाळते. माणूस आंधळा होतो, नाहीतर दगावतो.

इथेच घात होतो. घरचे म्हणतात, “झोपू द्या, उतरेल.” परवान्याशिवाय दारू गाळणे १९४९च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून लोक पोलिसांना भितात आणि गप्प बसतात. तेवढ्यात वेळ निघून जाते.

असे करू नका. १०८ ला फोन करा. माणसाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. काय प्याला, कधी प्याला, किती प्याला, ते डॉक्टरांना खरे सांगा. लिंबूपाणी, मिठाचे पाणी पाजत बसू नका. या विषावर औषध आहे. यंत्राने रक्त शुद्धही करता येते. पण वेळेवर पोचले तरच.

आणि त्याच डब्यातली जे जे प्याले, त्यांनाही शोधून काढा. त्यांना अजून काही होत नसले, तरी सोबत न्या. भांडण असले, तरी न्या.

अब्रू गेली तर कष्टाने परत मिळवता येईल. गेलेले डोळे कुठून आणणार? आता तुम्हाला वाचता येते. आज रात्री हा धडा घरात मोठ्याने वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.