नोंद संगणकाची, नोकरी आपली
(तिलवारा, जबलपूर येथील भाषण)



नर्मदेकाठी तिलवाऱ्याला आपण रेल्वे व टपाल कामगार एकत्र बसलो आहोत. सिग्नल कधी पडला, पॉइंट कधी फिरला, हे डेटा लॉगर टिपतो. सुरक्षा-निगराणीचे सॉफ्टवेअर तसेच सर्व संगणकांच्या नोंदी गोळा करून संशय येताच इशारा देते.

‘स्प्लंक’चा आकार सामान्यतः रोजच्या नोंदींच्या प्रमाणात वाढतो, ‘वाझू’ मोफत, पण चालवायला जाणकार माणसे हवीत. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

पण निवड केवळ दरावर नको. ब्रिटनच्या टपाल खात्यात ‘होरायझन’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास ठेवला गेला. ९०० हून अधिक उप-पोस्टमास्तर दोषी ठरले. २०२४ साली संसदेला कायदा करून बहुतेकांवरील ठपका पुसावा लागला.

म्हणून आमची मागणी एकच: ज्या नोंदीवर आरोपपत्र निघेल, ती मूळ नोंद कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे आणि ती माणसाने तपासलेली असली पाहिजे.

आपणही एक पथ्य पाळू या. घाईगर्दीतही पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नये. काम कोणीही केले, तरी नोंदीत नाव आपलेच लागते.