पाच पैशांचे तिकीट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दादर येथे केलेले भाषण)





परदेशांना दिली जाणारी मदत, शस्त्रे, सुरक्षा हे दिल्लीचे विषय. आपला त्यांच्याशी काय संबंध, असे पालक विचारतात. घरात जुनी पत्रे जपून ठेवलेली असतील तर ती काढून पाहा. 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, निर्वासितांच्या साहाय्यासाठी. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली होती. त्यांच्या अन्नवस्त्राचा थोडा भार लालबागच्या गिरणी कामगारानेही गावी पत्र धाडताना उचलला.

ज्या लष्कराने या लोकांना बेघर केले, त्याच्या हाती अमेरिकेची शस्त्रेही होती. तीही कुणाच्या तरी करातूनच आली होती. 6 एप्रिल 1971 रोजी ढाक्यातील वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार केली. कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी ती पुढे पाठविली, आणि त्यांना तेथून हलविण्यात आले. शस्त्रे जातच राहिली. जुलैत बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ हे पाकिस्तानी जहाज यायचे होते, तेव्हा काही साधे नागरिक लहान होड्या घेऊन आडवे गेले. त्यांना अटक झाली. पण गोदी कामगारांनी माल चढविण्यास नकार दिला. आपल्या मुंबईच्या गोदीतल्या माणसाला या नकाराची किंमत सांगायला नको!

मारणारे मुसलमान होते. मरणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. जालिमाचा धर्म पाहून गप्प बसणे मला पटत नाही.

हा प्रश्न आपल्या तिजोरीलाही विचारावा लागतो. 2017 साली म्यानमारच्या लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. भारताने त्यांच्यासाठी ‘ऑपरेशन इन्सानियत’ या नावाने धान्य, साखर, तेल पाठविले. त्यांनी परत यावे म्हणून राखाइन प्रांतात 250 घरेही बांधून दिली. चांगलेच केले. परंतु 2020 साली याच म्यानमारच्या नौदलाला ‘सिंधुवीर’ पाणबुडी दिली गेली, आणि 1 फेब्रुवारी 2021 रोजी तेथील लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथविले. शेजाऱ्याशी संबंध राखावे लागतात, चीनकडे लक्ष ठेवावे लागते, हे मी जाणतो. तरीही बेघर झालेल्याला धान्य आणि बेघर करणाऱ्याला पाणबुडी, हा हिशेब कुणी तरी मागायला हवा.

तो मागण्याची वाट घटनेत आहे. येथून जवळच, हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त राहिलेले डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या घटनेतील 113व्या अनुच्छेदानुसार सरकारच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे ठेवाव्या लागतात. वेळ संपला की कित्येक मागण्या चर्चेविना मंजूर होतात, ही गोष्ट निराळी. परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत भूतान, नेपाळ, मालदीव, म्यानमार अशी देशवार मदत छापलेली असते. नववी-दहावीच्या मुलांनी यंदा ते पान मिळवावे, आकडे वहीत उतरवावेत आणि आपल्या खासदारांना एक पत्र लिहावे. मसुदा तपासून द्यायला मी शाळा सुटल्यावर थांबेन.